पुढच्या धोंड्यापर्यंत

‘हॅलो?… हॅलो, कोण?… अगं शिवकन्या, तू व्हय! बोल, बोल… न्हाई, दुकानातच हाय. गिऱ्हाईक? सारजाबाई हाईत. शेंगदाण्याला आल्यात. थांबत्यात त्या. त्या इचारत्यात, माहेरी कशी हाय म्हणून… बरी हाय म्हणती, सारजाबाई.’

नेकनूरच्या बाजारगल्लीत मृत्युंजयचं किराणा दुकान. फोन गल्ल्याशेजारी, तराजूला खेटून ठेवलेला, त्यामुळे त्यावर बोललेलं शेंगदाण्याच्या गिऱ्हाइकाला आपसूक ऐकू जायचं. बायको अधिक महिन्यासाठी तेलगावला माहेरी गेलेली. हा धोंड्याचा महिना तीनेक वर्षांतून एकदा येतो आणि तेवढ्यापुरता जावई देवाच्या खालोखाल होतो. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, वरून वाण. यंदाचं वाण सासऱ्यांनी आधीच कबूल केलं होतं, कॉम्प्युटर. अडचण एवढीच, की तो कोणता घ्यायचा हे जावयानं ठरवायचं होतं.

‘काय?… जरा मोठ्यानं बोल. लाईनीत कसलं तरी टकटक होतंय… राजेश्वर? राजेश्वर औरंगाबादला गेला?… मेव्हणा माझा, सारजाबाई… गेला ना? कॉम्प्युटरच्या दुकानात?… अगं ऐक ना, मग त्याला निरोप दे, जरा दम धर म्हणावं. चहा पी, दुकानदाराशी गप्पा मार. लगेच पैसे काढू नको… हो, हो… उद्या जेवण हाय, ठाऊक हाय मला. परवा अमावास्या, ते बी ठाऊक हाय. मी कुठं नको म्हणतोय? मी घाई नको म्हणतोय. नको अन् घाई नको, ह्यात काही फरक हाय का न्हाई?… न्हाई? बरं.’

‘न्हाई, तू आधी माझं ऐक. मग तुझं सांग… हे बघ. पेंटियम थ्री आत्ता होळीच्या टायमाला आलाय. म्हंजे टूचा भाव आता उतरणार. उतरलाय, पण अजून उतरणार. बरं, टू घ्यावा तर दिवाळीला थ्रीचाच नवा अवतार येतोय, त्याला मदरबोर्ड बी नवा लागणार… मदरबोर्ड म्हंजे चूल समज. चूल बदलली की सगळी भांडी बदलायची. मग आज घेतलेली चूल दिवाळीला काय?… हां. भंगार… न्हाई गं, चालू राहील. बंद कावून पडंल? चालू राहील, पण भंगार.’

‘हसतीस काय?… सारजाबाई बी हसायल्यात इथं.’

मृत्युंजयलाही थोडं हसू आलं. त्याला स्वतःचं वेड ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्याहून टपालानं येणारं कॉम्प्युटरचं मासिक तो देवघरासमोर बसून वाचायचा, आणि त्यात जे बाजारात आलंय त्यापेक्षा जे यायचंय त्याची पानं आधी उघडायचा. मासिकाबरोबर फुकट येणाऱ्या चकचकीत सीड्या त्यानं जपून ठेवल्या होत्या. त्यांतल्या काही आईनं शेतातल्या ज्वारीत पाखरं हुसकायला टांगल्या तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानंच आईला सांगितलं, पाखरं खरंच येत नाहीत.

‘मागच्या धोंड्याचं काढू नको… काढू नको म्हणलं ना… बरं, काढ. सगळ्या तेलगावला ठाऊक हाय, सारजाबाईलाच ठाऊक नव्हतं, तेवढं राहिलं व्हतं.’

मागच्या धोंड्याला असं झालं होतं. सासरे बसवराज, तेलगावातले कापसाचे जुने व्यापारी, पाटावर बसलेल्या जावयाला म्हणाले, काय पाहिजे ते मागा, जावईबापू. जावयानं मागितलं, कॉम्प्युटर. बसवराजअप्पांनी मान हलवली, कारण शब्द दिला होता. पण दुसऱ्याच घासाला जावई म्हणाला, एवढ्यात नको मामा, एमएमएक्स येतोय. अप्पांना वाटलं कोणी पाहुणा येतोय. त्यांनी विचारलं, कुठल्या गावाहून? त्या वर्षी जावयाला मिक्सर मिळाला.

त्यानंतर एमएमएक्स नावाचा तो प्रोसेसर आला, जुना झाला आणि गेला. मृत्युंजयनं तयारी मात्र सोडली नाही. सुताराकडून सरकत्या कप्प्याचं खास टेबल करून घेतलं. लाईट गेली तर कॉम्प्युटर चालू ठेवणारा यूपीएस आणला. त्याची बॅटरी एक दिवसही नोकरी न करता वारली. प्लास्टिकचं कव्हर आणलं, ते मिक्सरला झालं.

‘टेबल?… टेबलाचं काय मधीच?… हाय की, जिथं व्हतं तिथंच… न्हाई, रिकामं न्हाई. आईनं लोणच्याच्या बरण्या मांडल्यात त्याच्यावर. यंदा कैऱ्या लई निघाल्या… कप्प्यात? कप्प्यात आईच्या गोळ्या-औषधं… कावून इचारतीस?… बरं, नको सांगू. मला पुढचं बोलू दे. लाईन कवाबी कट व्हती.’

‘उत्तरेश्वर?… उत्तरेश्वरचं मला सांगू नको. त्याला कॉम्प्युटर कोणी सांगितला? मीच. कॅबिनेट कोणतं, मॉनिटर कोणता, पार प्लगपर्यंत. गावात जेवढे कॉम्प्युटर हाईत ते सगळे माझ्या सल्ल्यानं आल्यात. लोकांची लग्नं जुळवत फिरतोय, स्वतःच्या दाराला मांडव न्हाई… अगं पण त्याचा आता जुनाट झालाय. लोकं हसत्यात… कोण म्हंजे? मी हसतो.’

‘हो… हो, लग्नपत्रिका त्याच्याकडंच जात्यात. सगळ्या… हो, तुझ्या मावसबहिणीची बी. बघितली मी. “सौभाग्यकांक्षिणी”ला काना एकीकडं अन् मात्रा दुसरीकडं. पोरगी नांदायला जाती का कोर्टात, कळंना… आं?… हां. हां, छापली मात्र खरी. वेळेवर दिली. ते काही आपल्याला नाकबूल करता येत न्हाई.’

हे बोलताना त्याचा आवाज खाली आला. गावात पत्रिका छापायची कल्पना मुळात उत्तरेश्वरची नव्हती, शिवकन्येची होती. लग्न झाल्यावर बीडला एसटीनं ये-जा करून तिनं टायपिंगचा आणि पानं मांडायचा कोर्स केला होता. दुकानाच्या पुढच्या खोलीत पत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची पत्रकं छापायची, नारायणगडाच्या वाटेवरच्या गावांतलं सगळं काम आपल्याकडं वळवायचं, हे तिनंच ठरवलं होतं. यायचं राहिलं होतं ते फक्त मशीन. ते आणणं नवऱ्याच्या हातात होतं, आणि नवरा दिवाळीची वाट बघत होता. कोणत्या तरी दिवाळीची.

‘बरं, ते जाऊ दे. दोन हजार सालाचं काय?… अगं तेच ते. एक जानेवारीला कॉम्प्युटरला कळणारच न्हाई दोन हजार लागलं म्हणून. त्याला वाटणार एकोणीसशे लागलं. मोठमोठ्या बँका घाबरल्यात, मी काय चीज हाय?… म्हणून म्हणतो, जानेवारीच्या दोन तारखेला घेऊ. ज्यांचे बुडायचे त्यांचे बुडतील, मग आपण… काय?… हो, एकोणीसशे साली नेकनूरला लाईट नव्हती. बराबर… हो, पत्रिका बी नव्हत्या. अक्षता देऊन बोलवत व्हते… लई बोलायला लागलीस गं माहेरी जाऊन.’

‘तुझं काय ते सांग आता… हं… हं… एक मिनिट, पुन्हा टकटक सुरू झालं. तुला बी ऐकू येतंय का?… येतंय? मग टेलिफोनवाल्याला सांगा ना तिथल्या. खांबावर पाखरू-बिखरू बसलं असंल… हॅलो? कोणाला देतीस?… न्हाई न्हाई, मामांना नको देऊ, मी नंतर… शरणार्थ, मामा!’

गादीवर मांडी घालून बसलेला मृत्युंजय उठून उभा राहिला. सासरे तेलगावात होते, तरी मोकळ्या हातानं त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. सारजाबाईंनी रिकामी पिशवी काखेत धरून पायरीवर बैठक मारली. आता शेंगदाण्याची घाई नव्हती.

‘हो मामा… ठीक हाय, आई बी ठीक हाय. लोणचं घालती… हो, उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. जेवायला पोचतो बराबर… न्हाई मामा, कॉम्प्युटर नको असं न्हाई. मी तिला तेच सांगत व्हतो. बाजार जरा… हो, कापसासारखंच. तुमाला काय सांगावं, भाव पडणार दिसत असला की माणूस थांबतोच का न्हाई?… आं?’

‘हो… कापूस विकायला थांबत्यात. घ्यायला न्हाई थांबत. बराबर हाय.’

‘पुढचा धोंडा? दोन हजार एक साली, मामा. अश्विनात… हो, पंचांग बघितलंय मी… न्हाई म्हंजे सहज. सहज बघितलं… आता तुमी इचारलं म्हणून सांगतो, तवर एक हजार मेगाहर्ट्झ येतोय म्हणत्यात. अन् एकदा हजार आला की मग… हॅलो? मामा?… हाईत ना? मला वाटलं लाईन गेली.’

पलीकडून टकटक तेवढी ऐकू येत होती, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारी. आपण काय बोलून बसलो हे मृत्युंजयला तेव्हा कळलं. लोक पंचांगात मुहूर्त बघतात. यानं दोन धोंड्यांच्या मधलं अंतर बघून प्रोसेसर जोडून ठेवला होता. सारजाबाईंनीही पायरीवरून त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

‘मामा, चुकलंच माझं… न्हाई, बोला तुमी. मी ऐकतो… काय घेऊन बसती?… पुठ्ठा? साडीच्या खोक्याचा?… तो तिकडं बी घेऊन आली?’

तो पुठ्ठा त्याच्या ओळखीचा होता. कोर्स संपला तेव्हा हात विसरू नये म्हणून शिवकन्येनं साडीच्या खोक्याच्या झाकणावर शाईनं कीबोर्ड काढला होता, इंग्रजी अक्षराखाली मराठी अक्षर. दुपारी दुकान बंद असलं की ती तो मांडीवर घेऊन टाईप करायची. सुरुवातीला मृत्युंजयनं थट्टा केली होती, म्हणाला होता, सगळ्यात फास्ट मशीन आपल्याच घरात, कधी हँग होत नाही. मग त्याला ते दिसेनासंच झालं.

‘रोज?… रोज दुपारी?… अक्षरं पुसलीत? मग तिला कळतं कसं कोणतं कुठं हाय?… बोटांना. हां… शेजारच्या बाया काय म्हणत्यात?… मामा, असं नका ओ सांगू… न्हाई, मला ठाऊक नव्हतं. काय टाईप करती ते मी कधी इचारलंच न्हाई… माझं? माझं नाव?’

‘पुन्हा सांगा, मामा… कोर्सच्या सरांनी सांगितलं व्हतं? जोडाक्षरांचं… हां. “मृत्युंजय” ज्याला नीट जमलं त्याला कोणतीबी पत्रिका जमते. हां, हाय खरं अवघड. मृ, मग त्यु, वर अनुस्वार… सगळी अडचण एकाच नावात हाय. नावासारखाच माणूस… अन् पुठ्ठ्यावर ते उमटत बी न्हाई. बराबर आलं का चुकलं, तिला कसं कळावं… हो.’

मृत्युंजयला एकदम लाज वाटली, कानापर्यंत. तीन वर्षं ही बाई काही न उमटणाऱ्या पुठ्ठ्यावर आपलं नाव लिहीत होती, आणि आपण तिच्या समोर बसून अजून न आलेल्या यंत्रांचे गुण वाचून दाखवत होतो. त्याला बसावंसं वाटलं. तो साखरेच्या पोत्यावर टेकला.

‘मामा, ऐका. घ्या. घेऊन टाका… जो असंल तो. टू असो, थ्री असो, काही बी असो. दिवाळीचं दिवाळीला बघू. दोन हजार साल लागलं तर लागू द्या. राजेश्वरला आत्ताच्या आत्ता निरोप द्या, दुकान बंद व्हायच्या आत, म्हणावं दाजींनी हो म्हणलंय… कावून हसता?… मामा?’

‘गेलता?… म्हंजे?… आहो, ती मला म्हणली राजेश्वर औरंगाबादला गेला… “गेलता” म्हणली व्हती? गेलता अन् परत बी आला?… न्हाई हो, ते टकटक चालू व्हतं ना, त्यात तो “ता” मला ऐकूच आला न्हाई. अन् ऐकून घेतलं बी न्हाई म्हणा मी… म्हंजे आणला? घरी आणला? बैठकीत, फोनपाशीच मांडलाय?’

‘मग मला कावून इचारत व्हती ती मघापासून?… इचारत नव्हती. सांगत व्हती. हां… टेबल रिकामं कर, एवढंच सांगायचं व्हतं.’

सारजाबाई पायरीवरून मोठ्यानं हसल्या. मृत्युंजयनं आठवून पाहिलं. खरंच, बायकोनं एकदाही विचारलं नव्हतं, घ्यायचा का. सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं त्याचीच होती.

‘बरं झालं, मामा. लई बरं झालं… पण धोंड्याचं वाण म्हणल्यावर जावयाच्या हातात… आं? यंदा लेकीला?… असं असतंय का कुठं?… तुमी म्हणता तर असतंय. अन् जावयाला?… अनारसे. बरं. बराबर हाय. अनारशाला नवीन मॉडेल येत न्हाई, ते हाय तेच खावं लागतंय… द्या, तिला द्या फोन.’

‘शिवकन्या… काय बोलू?… न्हाई, तूच बोल. आता मी मधी बोलत न्हाई… हं… हं… कोणता हाय?… म्हंजे सहज इचारतो, आत कोणता बसवलाय… सेलेरॉन.’

सेलेरॉन. ज्याला तो गल्लीत सगळ्यांसमोर गरिबाचा पेंटियम म्हणायचा, तो. मृत्युंजयनं डोळे मिटले, उघडले.

‘न्हाई गं, मी कुठं काय म्हणलं? श्वास घेतला फक्त… चांगला असतोय. पत्रिकेला काय, रॉकेट सोडायचं हाय का आपल्याला?… एक सांग, ते टकटक… तूच? मघापासून? मी बोलतोय अन् तू…? फोन खांद्यावर धरून?… अन् मी इथं टेलिफोनवाल्याला पाखरू हुसकायला लावत व्हतो.’

‘काय टाईप केलं?… पहिलं?… अन् आलं?’

‘बराबर आलं?… मृ ला खाली तो… हां. अन् त्यु?… अनुस्वार बी जागेवर?… पहिल्याच झटक्यात?… खाली न बघता?’

पोत्यावर त्यानं बोटानं आपल्या नावातला मृ काढून पाहिला. तेवढ्यात त्याला तेलगाव आठवलं, तिथली लाईट जायची वेळ आठवली, आणि आपल्याकडे टेबलाखाली पडलेला तो बिनबॅटरीचा यूपीएस आठवला.

‘शिवकन्या! सेव्ह कर! आधी सेव्ह कर, लाईट जाईल! कंट्रोल दाबून धर अन् एस… आं? कधीच केलं?… हां. तुला कशाला सांगतोय मी. मी बी आजपर्यंत कधी दाबलेलं न्हाई, मासिकात वाचलंय फक्त.’

‘मग नाव दिलं असंल ना त्याला? फाईलला नाव द्यावं लागतंय… काय दिलं?… आं?… पुन्हा सांग.’

‘धोंडा?’

‘म्हंजे… आत माझं नाव, अन् वर धोंडा?… न्हाई, महिन्यावरून दिलं असंल ना?… महिन्यावरून न्हाई. बरं.’

सारजाबाई पदर तोंडाशी धरून पायरीवर हलत होत्या. आतल्या खोलीतून त्याच्या आईनं, नीलाबाईंनीही विचारलं, काय झालं रे, कोण पडलं? मृत्युंजयनं हातानंच सांगितलं, कोणी नाही.

‘न्हाई, न्हाई, ऐक. बदलू नको. राहू दे तेच… खरंच म्हणतोय. बराबर नाव दिलं तू… रागावलो न्हाई गं. आवाज असा कावून येतोय, ते उद्या आल्यावर सांगतो… ठेवतो आता. बरण्या हलवायच्यात.’